नववा गळ

दसऱ्याच्या सकाळी साडेनऊ वाजता कुमुदिनीबाई गच्चीवरून खाली आल्या आणि म्हणाल्या, "अहो, पिसं कुठायत?"

मल्हारराव मोहिते खिडकीपाशी टेबल ओढून गळाला दोरा गुंडाळत बसले होते. घरात कुणी आपणहून पिसांची चौकशी करण्याची ही पहिलीच वेळ. ते इतके खूश झाले की चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारलं, "कोणती देऊ? कोंबड्याची, मोराची, की बदकाची?"

"पांढरी. लांब. पाच होती."

"हां, ती! काय पिसं होती गं! तुला कुठून मिळाली?"

"मिळाली म्हणजे? कलगीची होती ती. आबासाहेबांच्या कलगीची."

मल्हाररावांच्या हातातलं रीळ सुटलं आणि दोरा सोडत सोफ्याखाली गेलं. ते उचलायला कुणीच वाकलं नाही.

मल्हारराव एप्रिलमध्ये पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. पस्तीस वर्षं जीपमधून कालव्यांच्या काठानं हिंडलेला माणूस ग्वाल्हेरच्या सिटी सेंटर भागातल्या घरात बसून राहील अशी अपेक्षा करणंच चूक होतं. पहिल्या महिन्यात त्यांनी चालू असलेला पाण्याचा पंप उघडून दुरुस्त केला. त्यानंतर तो बंद पडला. दुसऱ्या महिन्यात स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, आणि कुमुदिनीबाईंना हिंग सापडेना. तेव्हा त्यांनी मुलाला, सौरवला, बजावून सांगितलं, "यांच्या हाताला काही तरी काम दे. नाहीतर मीच कुठे तरी नोकरी बघते."

सौरवनं वडिलांना दोन गोष्टी दिल्या. दसऱ्यानंतर दोघांनी हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट मासे पकडायला जायचं, त्याची तिकिटं. आणि खोट्या माश्या बांधायच्या सामानाची एक पेटी. ट्राउट हा मासा कणकेच्या गोळीला भुलत नाही म्हणे. त्याला किडा लागतो, आणि तो किडा माणसानं गळावर पिसं बांधून तयार करायचा. मोराच्या पिसाचे तंतू घट्ट गुंडाळले की पाण्यातल्या अळीसारखी दिसणारी निम्फ होते. लांब, मऊ पिसं मागे सळसळती सोडली की छोट्या मासोळीसारखा स्ट्रीमर होतो. त्याला वर डोळेसुद्धा रंगवायचे.

ग्वाल्हेरात ट्राउट नाही. पण मल्हाररावांना गळ घट्ट धरायचा शिकंजा मिळाला, चिमटा मिळाला, रीळ मिळालं, आणि तीन महिन्यांत त्यांनी दोनशे दहा माश्या बांधल्या. घरातला पिसांचा झाडू टकला झाला. कोंबडीवाला त्यांना बघून आपणहून पिशवी पुढे करू लागला. किल्ल्याच्या पायथ्याशी गळलेली मोरपिसं वेचताना ते दोन पर्यटकांच्या फोटोत आले. प्रत्येक नातेवाइकाला त्यांनी सांगून ठेवलं होतं की कुठे पीस दिसलं तर आणा.

थोरल्या भावाला, महिपतरावांना, मात्र त्यांनी हे भीत भीतच सांगितलं होतं. महिपतराव चौऱ्याहत्तर वर्षांचे, किला गेटला राहणारे, सगळ्या मोहित्यांचे दादा. त्यांच्यासमोर त्रेसष्ट वर्षांचे मल्हारराव अजून उभेच राहायचे.

"आणि पकडलेल्या माशाचं काय करतात?" दादांनी विचारलं होतं.

"सोडून देतात, दादा."

"सोडून देतात?"

"हो. तसा रिवाज आहे."

"मग पकडतात कशाला?"

मल्हारराव पाणी प्यायले आणि घरी आले.

आता कलगी. ती मल्हाररावांच्या वडिलांची, आबासाहेबांची. मोहित्यांची पगडी एका शिसवी पेटीत असे आणि ती पेटी दर वर्षी एकेका भावाकडे राही. यंदा पाळी मल्हाररावांची. दसऱ्याला संध्याकाळी धाकट्या भावानं थोरल्याच्या डोक्यावर ती पगडी ठेवायची, मग थोरल्यानं मराठी मंडळाच्या मैदानात शमीपूजनाला जायचं, सगळ्यांना सोनं द्यायचं, घरी यायचं, आणि बायकांनी ओवाळल्यावरच पगडी उतरायची. पगडीवर चांदीची नळी, नळीत पाच पांढरी पिसं. नवरात्रात कुमुदिनीबाईंनी नळी उजळायला म्हणून पिसं काढली आणि कसर लागू नये म्हणून गच्चीवर वर्तमानपत्रावर उन्हात ठेवली. शेजारच्या वर्तमानपत्रावर मल्हाररावांनी शाम्पूनं धुतलेली कोंबड्याची पिसं वाळत होती. संध्याकाळी मल्हारराव आपली पिसं आणायला गेले आणि दोन्ही वर्तमानपत्रं घेऊन आले.

त्या पाच पिसांचे त्यांनी नऊ स्ट्रीमर बांधले. असे स्ट्रीमर त्यांच्या हातून आजवर झाले नव्हते. त्यांनी फोटो काढून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तिथे फक्त निधनाच्या बातमीला उत्तर देणाऱ्या दादांनी त्याखाली लिहिलं होतं, "वा. पीस उत्तम."

"सांगून टाका दादासाहेबांना," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

"काय सांगू? तुम्ही उत्तम म्हणालात ते पीस आबासाहेबांचं होतं?"

"मग काय करणार? चारला येतायत ते."

मल्हारराव खोलीतून गच्चीवर गेले, गच्चीवरून खोलीत आले, पंखा लावला, बंद केला. आबासाहेब पगडी घालून निघाले की ती पिसं वाऱ्यानं हलायची, आणि चार वर्षांचा मल्हार त्यांच्या खांद्यावरून ती धरायला बघायचा. त्यांना आठवत असलेलं वडिलांचं पहिलं चित्र तेच होतं. आणि त्यावर आपण कात्री चालवली, माशासाठी, तोही सोडून द्यायच्या.

"बाबा, बैठो मत, चला," सौरव स्कूटरची किल्ली घेऊन म्हणाला. "नया बाजारात मिळेल. शादी का सीझन येतोय न."

नया बाजारात लग्नाच्या सामानाचं पहिलंच दुकान चांगलं मोठं होतं. दुकानदारानं काउंटरवर आठ कलग्या मांडल्या. सगळ्या प्लॅस्टिकच्या मोत्यांच्या. एकीत तर दिवा लागत होता.

"सादी नहीं है? सफ़ेद पंख की?" मल्हाररावांनी विचारलं.

"अंकलजी, दूल्हे पर सादी अच्छी नहीं लगेगी। उमर क्या है दूल्हे की?"

"चौहत्तर।"

दुकानदारानं एकदा त्यांच्याकडे आणि एकदा सौरवकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून अदबीनं म्हणाला, "तो फिर यह लाइट वाली ही ले जाइए। पीछे वालों को भी दिखेगी।"

आणखी चार दुकानं झाली. दोन वाजता दोघं हात हलवत घरी आले. मल्हाररावांनी नऊ स्ट्रीमर टेबलावर ओळीनं मांडले आणि दोरा उसवून पिसं सुटतात का बघितलं. सुटणार कशी? दोरा पक्का बसावा म्हणून त्यांनी स्वतःच वरून कुमुदिनीबाईंचं नेलपॉलिश लावलं होतं. ओढलं की पिसाचा भुगा.

"बाबा," सौरव टेबलाकडे बघत म्हणाला, "उलटा सोचो न. हे नऊच्या नऊ एकत्र बांधले तर ती कलगीच झाली."

"आणि गळ?"

"काट डालो. पिसं ठेवा, गळाचं वाकडं टोक उडवा."

गेले तीन महिने ज्या कलेची घरात चेष्टा झाली तीच आता घराची अब्रू वाचवणार होती. मल्हारराव ताठ बसले. शिकंज्यात एकेक स्ट्रीमर धरायचा, पक्कड लावायची, टक्. वाकडं टोक वाटीत. या गळांच्या टोकामागे एक उलटा काटा असतो. घुसलेला गळ त्यामुळे मागे ओढून निघत नाही. मासा सोडायचा असतो म्हणून तो काटा आधीच चेपून टाकायचा, असं तीर्थनच्या वाटाड्यानं फोनवर दहादा सांगितलं होतं. तिथे गेल्यावर बघू, म्हणून मल्हाररावांनी एकही चेपला नव्हता.

टक्. टक्. आठवं टोक वाटीत पडलं आणि फोन वाजला.

"मल्हार, मी निघालो," दादा म्हणाले. "तयारी आहे?"

"हो दादा. बांधतोय. म्हणजे, बांधलेलीच आहे. या तुम्ही."

फोन ठेवताच त्यांनी घाईघाईनं समोरचे सगळे स्ट्रीमर मुठीत गोळा केले आणि सरळ दोरा गुंडाळायला सुरुवात केली. पंधरा मिनिटांत जुडगा चांदीच्या नळीत बसला. कलगी पूर्वीपेक्षा भरघोस दिसत होती. एकच अडचण होती. नऊ मासोळ्यांचे डोळे मल्हाररावांनी हौसेनं रंगवले होते. बाकीचे आत दडपता आले. एक डोळा मात्र कितीही फिरवला तरी बाहेर बघत राहिला.

चार वाजता दादा आले. मल्हाररावांनी दोन्ही हातांनी पगडी त्यांच्या डोक्यावर ठेवली. दादांनी आरशात बघितलं. त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं होतं, हे मोहित्यांचं नशीब.

"यंदा कलगी भरल्यासारखी वाटते."

"ऊन दाखवलं न, दादासाहेब," कुमुदिनीबाई निरांजन खाली ठेवत शांतपणे म्हणाल्या.

मैदानात शमीची पूजा झाली आणि सोनं द्यायला सुरुवात झाली. एकमेकांच्या हातात पानं द्यायची आणि गळाभेट घ्यायची. दादांची गळाभेट प्रसिद्ध होती. समोरच्याला ते दोन्ही हातांनी आवळायचे आणि आधी उजवीकडे, मग डावीकडे असं दोनदा घुसळायचे. मल्हाररावांचा जीव जरा भांड्यात पडत होता तोच खिशातला फोन वाजला. टेबल आवरायला घरी थांबलेला सौरव होता.

"बाबा, गळ किती होते?"

"नऊ."

"वाटीत आठ टोकं आहेत."

"नीट मोज."

"दो बार गिने. टेबलाखाली पण बघितलं. बाबा, नववा कुठंय?"

मल्हाररावांनी मान वर केली. नववा समोर मंडपात होता, दादांच्या उजव्या कानाच्या वर, पांढऱ्या पिसांच्या आत, उलट्या काट्यासकट. आणि दादा रांगेतल्या पहिल्या माणसाला घुसळत होते.

मल्हारराव धावले. "दादा, पगडी जरा नीट करू?"

"हात लावू नकोस. एकदा ठेवली की ठेवली."

मग त्यांच्यापाशी एकच उपाय उरला. ते दादांच्या उजव्या अंगाला खांबासारखे उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले, "डावीकडून भेटा. डावीकडून. हां, हळू." लोकांना वाटलं दादांचा उजवा खांदा दुखतोय. एकानं तिळाच्या तेलाची मालीश सांगितली. मंडळातल्या कुसुमताईंनी आपल्या व्यायामवाल्या डॉक्टरचा नंबर लिहून दिला. दादांना यातलं काही कळेना, आणि दर भेटीला मल्हारराव डोळे मिटून घेत होते आणि आवाज आला नाही की उघडत होते. अशी चाळीस माणसं गेली. मल्हाररावांचा सदरा पाठीला चिकटला.

एकेचाळिसावे माधवराव फडणीस होते.

माधवराव इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, आणि घरात पिढीजात दप्तरं. अकरा वर्षांपूर्वी याच मैदानात भाषण करताना ते म्हणाले होते की महिपतराव स्वतःला सरदारांचे वंशज म्हणवतात, पण जुन्या कागदांत मोहित्यांची नोंद नुसती शिलेदार अशी आहे. त्या दिवसापासून दोघांत एक शब्द नाही. दसऱ्याला मात्र रिवाज मोडता येत नसे. म्हणून दोघं दर वर्षी भेटत, मध्ये पाट मावेल इतकं अंतर ठेवून, आणि मान दुसरीकडे करून.

"डावीकडून, माधवराव," मल्हारराव कळवळून म्हणाले.

"का? उजवीकडची जागा सरदारांसाठी राखीव आहे?" असं मल्हाररावांनाच विचारून माधवराव मुद्दाम उजवीकडून गेले.

बारीकसा आवाज झाला. कर्र. दादा मागे झाले, तर माधवराव पुढे आले. माधवराव मागे झाले, तर दादा पुढे आले. गळ माधवरावांच्या पगडीच्या जरीत रुतला होता. दोघांची डोकी एकमेकांना टेकली होती आणि मध्ये चार बोटांचंही अंतर राहिलं नव्हतं.

"महिपतराव," माधवराव म्हणाले, "तुमची कलगी माझ्याकडे बघते आहे."

अकरा वर्षांतलं ते पहिलं वाक्य होतं.

"पगडी उतरवा, फडणीस."

"आधी तुम्ही."

"मोहिते भर सभेत डोकं उघडं करत नाहीत."

"फडणीसही करत नाहीत. तशी नोंद आहे."

"नोंद!" दादा गरजले, आणि त्या हिसक्यानं काटा आणखी आत गेला.

मल्हारराव प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढले. कुमुदिनीबाईंनी खालून आपली सेफ्टी पिन दिली. "कुणी हलू नका," मल्हारराव म्हणाले. दादांना त्यांनी जन्मात दिलेली ही पहिली आज्ञा. "हा मागे ओढून निघत नाही. एकेक धागा सोडवावा लागेल."

"काय निघत नाही?" दादांनी विचारलं.

"गळ, दादा."

"माझ्या पगडीत गळ काय करतोय?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मल्हाररावांनी पिनेनं जर उकलता उकलता सगळं सांगितलं. गच्ची, वर्तमानपत्रं, शाम्पू, नऊ स्ट्रीमर, नेलपॉलिश. शेवटी ते म्हणाले, "आबासाहेबांची आठवण होती दादा ती. मी कापली. मला बोला तुम्ही, काय हवं ते बोला."

तेवढ्यात एक विचित्र हालचाल सुरू झाली. माधवरावांचं अंग हलत होतं. ते हसत होते.

"माधव, गप्प बस," दादा खालच्या आवाजात म्हणाले.

"सांगू का त्याला?"

"गप्प बस म्हणतो न."

"मल्हार," माधवराव म्हणाले, "आबासाहेबांच्या खऱ्या कलगीचं पासष्ट सालीच बॅडमिंटनचं फूल झालं. तुझ्या दादानं बांधलं, बुचाच्या झाकणात खोचून. दोन गेम चाललं. मग ही पिसं त्यानं मेळ्यात नवरदेवांचे सेहरे विकणाऱ्या एकाकडून आणली आणि नळीत घातली."

मल्हाररावांची पिन थांबली. "आणि आबासाहेबांना कळलं नाही?"

दादा जमिनीकडे बघत होते. मान वर करायची सोयच नव्हती म्हणा. "कळलं," ते म्हणाले. "नळी हातात घेतली, माझ्याकडे बघितलं आणि पगडी डोक्यावर ठेवली. पुन्हा विषय नाही. दर दसऱ्याला मला वाटायचं, आज बोलतील."

मल्हाररावांनी मनात आलं ते विचारलं. "पण माधवराव, तुम्हाला हे कसं माहीत?"

"बॅडमिंटन एकट्यानं खेळतात का?" माधवराव म्हणाले.

मैदानात कुणी तरी लाउडस्पीकरवर प्रसादाची सूचना देत होतं. दादांनी ती संपू दिली. मग ते हळूच म्हणाले, "हे सांगायला अकरा वर्षं होती तुझ्याकडे. त्या भाषणात जरी हे बोलला असतास, तरी मला या गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती."

"ते कागदात नव्हतं," माधवराव म्हणाले.

दादांच्या गळ्यातून एक आवाज आला. खोकला असावा असं कुमुदिनीबाईंनी नंतर सगळ्यांना सांगितलं.

जरीचा शेवटचा धागा सुटला. मल्हाररावांनी गळ अलगद वर काढला. काट्याला लाल रेशमाचा एक तंतू तेवढा राहिला होता. त्यांच्या आयुष्यातला हा पहिला गळ, ज्याला काही लागलं होतं. ते खुर्चीवरून उतरले, रुमालानं कपाळ पुसलं, आणि दोघांच्या मध्ये वाकून म्हणाले, "दादा, झालं. सुटलात तुम्ही."

"कळलं," दादा म्हणाले.

पण ते हलले नाहीत. माधवरावही हलले नाहीत. रांगेतले लोक सोनं हातात घेऊन थांबले होते.